बाबांची कृपा

गेम खेळायच्या मशीनला वरून कातडी चढवता येते, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. ती आपल्या हाताने चढवू नये, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मशीन माझं नाही, माझ्या मुलीचं. गौरी पुण्यात नोकरीला आहे. तिथल्या खोलीत ती स्वतःच जेमतेम मावत होती, म्हणून तिने ते पांढरंशुभ्र, उंच धूड आमच्या नागपुरातल्या, हुडकेश्वरच्या घरी टीव्हीशेजारी स्टुलावर उभं करून ठेवलं आणि "बाबा, याले हात नका लावू बरं" असं बजावून ती गेली. मी दुखावलो. गेम या विषयावर मी तिला पाचवीपासून जी व्याख्यानं दिली (डोळे जातात, पाठ वाकते, बुद्धी जाते, याच क्रमाने) ती एकत्र केली तर एखाद्या विद्यापीठाला पुरतील. असा माणूस त्या मशीनला हात कशाला लावेल? नाही लावला. चांगले तीन आठवडे नाही लावला.

मग एकदा धूळ पुसताना ते सुरू झालं. (धूळ पुसताना ते सुरू होतं. तुम्हीही पुसून पाहा.) पडद्यावर एक ट्रॅक्टर उभा होता. आता ट्रॅक्टर ही माझी दुखरी नस आहे. गावाकडची शेती धाकटा भाऊ पाहतो. त्याने मला एकदाच ट्रॅक्टरवर बसवलं होतं. मी तो विहिरीपासून दोन हातांवर थांबवला, तेव्हा जे उतरवलं ते कायमचं. इथे मात्र चाळीस एकर जमीन माझी वाट पाहत होती आणि विहीर कुठेही नव्हती! तीन महिन्यांत मी गहू घेतला, सोयाबीन पेरलं, नवा नांगर घेतला. रविवारी गौरीचा फोन आला की ती विचारायची, दिवसभर काय करून राहिले बाबा? मी सांगायचो, वाचन.

गुरुवारी तिचा अवेळी फोन आला. पुण्यात मोठी जागा मिळाली होती, शनिवारी ती येणार होती आणि मशीन घेऊन जाणार होती.

"तसंही तिथं कोन खेळते?" ती म्हणाली.

"कोणीच नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मला खरोखर वाईट वाटलं. सोयाबीन काढणीला आलं होतं हो! आता एक तर सगळं कबूल करून मशीन मागून घ्यायचं, नाही तर गप्प बसून चाळीस एकरांवर पाणी सोडायचं. कबूल केलं की पाचवीपासूनची व्याख्यानं माझ्याच अंगावर येणार. तेव्हा मी गप्प बसलो. पण उभं पीक टाकून जाणं काही मनाला पटेना.

शुक्रवारी सकाळी बायको, म्हणजे सुनंदा, भजनाला गेली तसे मी कोपऱ्यावरून तर्री-पोहे बांधून आणले आणि कापणीला बसलो. एक घास, एक फेरी, असं काम चाललं होतं. घाईघाईत शेवटच्या तुकड्याकडे वळताना (मी खुर्चीतही वळतो) कूलरच्या वायरीत पाय अडकला, स्टूल हललं, मशीन डोललं आणि मी झेप घेऊन ते झेललं. मशीन वाचलं. फक्त ज्या हाताने झेललं तो हात तर्रीत, पोह्यांवरच्या तेलकट रश्शात होता. पांढऱ्या पत्र्यावर माझा अख्खा पंजा उमटला, पाची बोटांसकट. रंगेहाथ पकडणं म्हणजे काय, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो.

ओल्या फडक्याने पुसलं तर तेल गेलं आणि पिवळा पंजा राहिला. मग कपड्याचा साबण लावला, तर पिवळा होता तो लाल झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेत शिकवतात. विज्ञानात मी पास झालो होतो, यावरून तेव्हाच्या परीक्षांची कल्पना यावी. आणखी घासलं तशी बोटांची टोकं एकमेकांत मिसळली आणि मशीन असं दिसायला लागलं की जणू नवी नवरी गृहप्रवेशाला येऊन त्यावर हात उमटवून गेली. सुनंदाला विचारायची सोय नव्हती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. गौरीला पुण्याहून निघायच्या आधी कळलं असतं.

मोबाइलवर शोधलं तेव्हा तो कातडीचा प्रकार सापडला. रंगीत चिकट प्लास्टिक मशीनवर ताणून बसवायचं की खालचं सगळं झाकतं. व्हिडिओतल्या पोराने चार मिनिटांत बसवलं, तेही गाणं म्हणत. पण मागवलं तर यायला पाच दिवस लागणार होते. मग आठवलं, हे तर आपलं रेडियम! गाड्यांवर चिकटवायच्या त्या प्लास्टिकला आमच्याकडे सरसकट रेडियमच म्हणतात, आणि रेडियमवाला पप्पूभाऊ आमच्या चौकातच बसतो. मी वर्तमानपत्रावर मशीनच्या बाजूचा आकार पेन्सिलीने गिरवला आणि भर उन्हात त्याच्याकडे गेलो.

पप्पूभाऊने तो कागद चहूबाजूंनी फिरवून पाहिला.

"काका, कायचं आहे हे?"

गेमच्या मशीनचं, असं सांगणं माझ्या पांढऱ्या केसांना शोभलं नसतं. "पोरीच्या गाडीचं," मी म्हणालो.

कोणती गाडी, असं त्याने विचारलं. नवीन निघाली आहे, असं मी सांगितलं. पुढचा मडगार्ड असन, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि मी मान डोलावली. साधं काळं रेडियम कापायला सांगून आलो. संध्याकाळी घ्यायला गेलो तेव्हा त्याने काळ्या तुकड्याबरोबर एक लांबट पट्टी हातात ठेवली. तिच्यावर सुटी कापलेली सोनेरी, झोकदार अक्षरं होती: बाबांची कृपा.

"हे माह्याकडून. पोरीच्या गाडीवर पाहिजेच," तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्या माणसाला कुणी इतक्या प्रेमाने काही देऊ नये. मी पट्टी खिशात घातली आणि मान खाली घालून निघालो.

शनिवारी सुनंदा गौरीसाठी भाजी आणायला गेली आणि मी दार लावून कामाला लागलो. कुणी पाहू नये म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले. कूलरच्या दमट हवेत रेडियम चिकटेना, म्हणून कूलर बंद केला. मे महिन्यात, नागपुरात, बंद खोलीत, कूलर न लावता! मशीन तापायच्या आत मी तापलो. साबणाचं पाणी मारलं, रेडियम ठेवलं, बँकेच्या कार्डाने फुगे सरकवले. इकडचा फुगा दाबला की तिकडे निघे. अर्ध्या तासाने फुगे हरले आणि मग लक्षात आलं की तुकडा उलटा आहे. पप्पूभाऊने आकार रेडियमच्या पाठीमागच्या कागदावर गिरवून कापला होता, त्यामुळे डाव्याचं उजवं झालं होतं. मागच्या बाजूला तीन बोटं रेडियम जास्त, आणि पुढच्या बाजूला तेवढंच कमी. त्या कमी भागातून माझ्याच बोटांची लाल टोकं बाहेर डोकावत होती.

जास्तीचं रेडियम मी नीट दुमडून मागे चिकटवलं. (तिथे बारीक फटी होत्या, धूळ जायची, बरंच झालं म्हटलं.) पण बोटांचं काय करायचं? घरात झाकायला उरलेली एकच वस्तू माझ्या खिशात होती. मी ती उघड्या भागावर दाबून बसवली आणि वरचा कागद सोलला, तशी नुसती अक्षरं चिकटून राहिली. "बाबांची" स्वच्छ पांढऱ्यावर आलं आणि "कृपा" बरोबर बोटांवर. अक्षरांच्या मधून थोडं लाल दिसत होतं, पण ते नक्षी म्हणून खपलं असतं.

सुनंदा परत आली, तिने ते वाचलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. गौरीला भेट आहे, मी म्हणालो. ती काहीच न बोलता मेथी निवडायला बसली. सुनंदा बोलली की मला चालतं. बोलली नाही की भीती वाटते.

संध्याकाळी गौरी आली. पायही न धुता मशीनसमोर उभी राहिली आणि तिने मोठ्याने वाचलं. हे कोनं केलं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, धूळ बसत नाही, हल्ली सगळे करतात. बरं, म्हणून तिने ते चालू करून पाहिलं. दहा मिनिटांत आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला, पडद्यावर फार तापल्याची सूचना आली आणि मशीन बंद पडलं.

"मे महिना आहे," मी म्हणालो. "माणसंही बंद पडून राहिली."

गौरीने मशीनच्या मागे हात फिरवला. "बाबा, तुम्ही तं याचं नाकच बंद केलं." तिने दुमडलेल्या बाजूने ओढलं आणि दीड तासाची माझी मेहनत एका झटक्यात सोलून निघाली. खाली माझा लाल पंजा. सोनेरी अक्षरं तेवढी जागच्या जागी. तिने आपला हात त्या पंजावर ठेवून पाहिला. बसला नाही. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मी, एकसष्ट वर्षांचा निवृत्त हेडक्लार्क, हात पाठीमागे लपवला.

"सोयाबीन काढलं का, बाबा?" तिने विचारलं.

मी खाली बसलो. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मशीन तिच्या नावावर. मी सुरू केलं की पुण्यात तिच्या मोबाइलवर दिसायचं. तिच्या मैत्रिणींनाही दिसायचं, आणि ही कामाच्या वेळात नांगरते कशी, म्हणून त्या विचारायच्या. तिथं कोन खेळते, हेही तिने मुद्दाम विचारलं होतं.

"म्हटलं, आता तरी सांगतीन बाबा. रोज सकाळी दिसायचं, तं बरं वाटायचं मले. बाबा उठले, जेवनापर्यंत मजेत आहेत."

मला शरम वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मशीन नेणार नाही, असं तिने सांगितलं. तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात आली.

"हळदीचा डाग आहे तो. उनात ठेवला असता तं दोन दिवसांत उडून गेला असता. मले कोन विचारते इथं?"

जन्म नागपुरात गेला. इथे दुसरं काही मिळो न मिळो, ऊन मिळतं. आणि मी पडदे ओढून घेतले होते! गौरीने मशीनची बाजू जराशी दाबली तर तो पांढरा पत्रा खट् आवाज करून तिच्या हातात आला. "निघते हो हे," ती म्हणाली.

साबण पार निघेपर्यंत पत्रा धुतला, तसा लाल डाग पुन्हा पिवळा झाला, आणि मग तो दोन दिवस गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी वाळला. सोनेरी अक्षरं नखाने निघत नव्हती, म्हणून तशीच ठेवली होती. उन्हाने ती आपोआप सुटली. डाग खरंच पार उडाला होता. फक्त अक्षरांच्या सावलीत जेवढा होता तेवढा राहिला. "बाबांची"च्या खाली काहीच नव्हतं, ते गेलं. "कृपा" मात्र पिवळ्या रंगात, झोकदार वळणात, कायमची उमटली आहे.

परवा पप्पूभाऊने विचारलं, पोरीची गाडी कशी चालून राहिली? मी सांगितलं, गाडी ठीक आहे, बाबाच तेवढे मधूनमधून विहिरीपाशी जातात. रोज सकाळी ट्रॅक्टर काढताना समोर तो शब्द दिसतो. चाळीस एकरांत इतके महिने राबलो, पण खरोखरचं पीक हाती आलं ते एवढंच, आणि तेही हळदीचं.