वकिलांच्या घरी तांदूळ

आज सकाळी नारायणकाकांबरोबर मुरबाडला जाऊन आलो. त्यांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा चालवणाऱ्या वकिलांना अर्धांगवायूचा झटका आला आहे. ते आता कोर्टात उभे राहू शकणार नाहीत. काकांनी मात्र निकालापर्यंतची सगळी फी आधीच देऊन टाकली होती. उरलेल्या कामाचे पैसे परत मिळाले, तरच त्यांना दुसरा वकील करता येईल. तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

"तू शिकलेला. तूच बोल," निघताना काका म्हणाले. मी हो म्हटलं.

आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून त्यांनी घरचे तांदूळ बरोबर घेतले होते.

वकील खाटेवर होते. काकांना पाहून त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. त्यांच्या पत्नीने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मग त्याच म्हणाल्या, "तुमचं काम राहिलं ना दादा? फीचं काही..."

"नाय वैनी. आमी नुसते बघायला आलो."

मी चहा पीत राहिलो.

परतताना धसईच्या एसटीत काकांनी विचारलं, "तू का नाय बोललास रे?"

"तुम्हीच नाही म्हणालात."

"मी नाय म्हणणारच. म्हणून तर तुला नेला."

उरलेल्या कामाची फी परत मागणं हा काकांचा हक्क आहे, हे मला कळतं. उद्या मी एकटाच जाणार आहे, रिकाम्या हातानं. त्या खाटेपाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, तुमच्यापैकी कुणी सांगेल का?