गोलपुढची ओली माती

आमच्या स्टेडियमला सरांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, यात कुणाचं काय साधतंय? स्वभावच तसा. ताजं दूध समोर आलं तरी मी आधी बोट बुडवून बघणार.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला पाऊस लागोपाठ दगा देत होता. आज पगारी खेळाडूंचे सामने होतात तिथं तेव्हा उघडं माळरान होतं, आणि त्यावर सर आम्हाला फुटबॉल शिकवायचे. मी गोलकीपर. टँकर चौथ्या दिवशी यायचा, प्यायलाच पाणी पुरत नव्हतं. आणि माझ्या गोलपुढची माती मात्र रोज सकाळी ओली! टँकर थांबायचा भीमनगरात, सर राहायचे भीमनगरात. मला वेगळा पुरावा लागला नाही.

खरं सांगतो, सर आमच्या गल्लीतले असते तर मी आधी त्यांनाच विचारलं असतं. ते तिकडचे, म्हणून सरळ तहसीलीत निनावी अर्ज टाकला: मास्तर टँकरचं पाणी मैदानावर ओततात. याची मला आजही लाज वाटते.

चौकशीला माणसं सरांच्या घरी आली. आम्ही खेळाडू दारात उभे राहून बघत होतो. आत बाज होती आणि बाजेखाली मोठी परात. बाजेवर बसून अंघोळ करायची, परातीत साचलेलं पाणी पुन्हा वापरायचं, हे त्या दुष्काळात घरोघरी चालायचं. आमच्याकडे त्यानं अंगण सारवायचे. सर ते घागरीत भरून पहाटे माळावर न्यायचे. गोलकीपर दिवसभर दगडासारख्या जमिनीवर अंग टाकतो, त्याचे गुडघे फुटू नयेत म्हणून. त्या मातीला साबणाचा वास यायचा. मी रोज तिच्यात नाक खुपसून पडत होतो, आणि तेवढंच मला कळलं नाही.

नामकरणाच्या दिवशी सरांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन म्हणालो, "काकू, तो अर्ज मी केला होता."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "चौकशीवाल्यांनी कागद दाखवला तवाच ह्यांनी अक्षर वळखलं."

"मग मला संघातून काढलं का नाही?"

"म्हनले, गोलकीपर संशयीच पायजे. राहू द्या त्याला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"त्या चौकशीपायी टँकरवाल्यानं आमचं पानी निम्मं केलं. लई दिवस. लेकरं चार चार दिवस बिनअंघोळीची राहिली."

मी मान खाली घातली. मला आठवत होतं, चौकशीनंतरही गोलपुढची माती एक दिवससुद्धा कोरडी नव्हती.