एकाआड एक झाड

मोहने गावाच्या पुढच्या त्या टेकडीला जंगल म्हणणं जरा जास्तच होईल. वनखात्याने कधीकाळी उघड्या उतारावर ऑस्ट्रेलियन बाभळी रांगेत लावल्या, त्या वाढल्या आणि कल्याणच्या लोकांना फिरायला जागा झाली, एवढंच. पण ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर दीड वर्ष आम्ही नवरा-बायको रोज सकाळी तिथेच जात होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. आमच्या इथल्या रस्त्यावर धडधाकट माणसाला नीट चालता येत नाही, तिथे पाय ओढणारा माणूस काय चालणार?

टेकडीवर झाडं दोन-दोन पावलांवर होती. हे एका खोडाला हात टेकून उभे राहायचे, दम घ्यायचे, दोन पावलं टाकायचे आणि पुढचं खोड धरायचे. काठी आणली होती, पण तिला हात लावतील तर शपथ. काठी म्हणे म्हाताऱ्यांनी घ्यायची. वय वर्षं बाहत्तर! झाडं धरत धरत मात्र ते थेट वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि तिथे पोचले की त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा.

मागून पाण्याची बाटली आणि नॅपकिन घेऊन मी. पाचला उठायचं, ह्यांचं तोंड धुवायचं, कपडे घालायचे, बूट चढवायचे, जिना उतरवायचा, मग रिक्षावाल्याशी हुज्जत. मुलगी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहते, ती तिथून उंटावरून शेळ्या हाकते. "आई, एकही दिवस चुकवू नकोस हं." माझेही गुडघे आहेत, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मी सांगतही नव्हते.

पावसाळा संपता संपता झाडांवर तोडणीच्या खुणेचे लाल पट्टे दिसले. फिरायला येणाऱ्यांत खळबळ उडाली. ज्यांनी गॅलरीत कधी तुळस जगवली नाही, त्यांनी व्हॉट्सॲपवर जंगल वाचवायला घेतलं. शेवटी तिथला वनरक्षकच आम्हाला भेटला. जवळच्याच गावातला, पन्नाशीचा, रोज आम्हाला बघणारा माणूस.

"काकू, उजाड नाय करत आपण," तो म्हणाला. "विरळणी आहे ही. झाडं लय दाट झाल्यात, म्हणून एकाआड एक काढायची. राहिलेली जाड होतील, मधे आपली ऐन, करंज लावणार."

बोलण्यात चूक काहीच नव्हती. मग त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे चार हातांवर खोड धरून उभे होते.

"काकांची ती एक रांग तेवढी ठेवायला सांगतो साहेबांना. यादी फायनल नाय झालीय अजून. तुम्ही फक्त दोन ओळींचा अर्ज द्या. लगेच द्या पण."

मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर उद्याची सकाळ आली. परवाची आली. पुढच्या वर्षीची आली.

"नको हो," मी म्हणाले. "तुमचं ठरलंय तसंच होऊ द्या. एका माणसासाठी कशाला सगळं बदलायचं?"

किती समंजस वाटलं ते वाक्य! त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. झटक्यानंतर ह्यांची वाचा अडखळते, पण कान शाबूत आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढचं झाड धरलं.

दिवाळीनंतर तोड झाली. आम्ही गेलो. हे पहिल्या झाडापासून निघाले, दोन पावलं टाकली, सवयीने हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. मी धावत जाऊन खांदा दिला, पण माझ्याने त्यांचा भार पेलवेना आणि आम्ही दोघंही पाल्यात बसलो. कुणीतरी उठवलं. दुसऱ्या दिवशी बूट घालायला ह्यांनी पायच पुढे केला नाही. मी आग्रह केला नाही. खरं सांगते, त्या दिवशी परत आडवी झाले ती साडेआठपर्यंत झोपले, आणि झोप छान लागली.

तीन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांचा पाय उचलून बघितला.

"आजोबा, पाय एवढा कसा आखडला? चालत होतात ना चांगले? बंद का केलं?"

प्रश्न ह्यांना होता, पण बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पर्समध्ये जुने कागद शोधायला लागले. ह्यांना साधा चहा मागायचा तरी मिनिट लागतं. त्यांचे ओठ हलायला लागले, तेव्हा माझा पर्समधला हात थांबला. अर्ज म्हणणार, बायको म्हणणार, जे खरं ते म्हणणार.

"झाडं..." ते म्हणाले. मग पुन्हा ओठ जुळवले. "झाडं... तोडली."

"अरेरे," म्हणत बाईंनी कागदावर लिहून घेतलं. ह्यांनी शांतपणे डोळे मिटून घेतले. त्यापेक्षा चारचौघांत माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.