रिसेट कुठी दाबाचं?

भूगोल शिकवणाऱ्या बाईजवळ शेवटी नकाशे कमी आणि किस्से जास्त उरतात. नकाशे उंदरांनी कुरतडले, किश्शांना कोणी तोंड लावत नाही! त्यातही आमच्या रोहण्याकडच्या शाळेत इंटरनेट आलं, त्या एक-दोन वर्षांतले तर पोतंभर आहेत. पोतं उघडलंच आहे तर ऐका.

*

इंटरनेट यायचं हेडसरांच्या टेलिफोनच्या तारेतून. मी वर्धेच्या शिबिरात काही इंग्रजी वेबसाइट पाहून आले होते. चित्रावर क्लिक केलं की पृथ्वीचे थर उलगडतात, बटण दाबलं की ज्वालामुखी फुटतो! नववीला कॉम्प्युटरपुढे बसवलं. अर्ध्या तासात कवच उघडलं, प्रावरण उघडलं, आता गाभा दिसणार, तेवढ्यात हेडसरांनी आर्वी डेपोला फोन लावला. सगळं गायब!

मागून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पृथ्वी एंगेज आहे!"

*

मग भूकंपाचं पान, बटण दाबलं की पडद्यावरची जमीन हादरायची. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली आमच्या चपराशाकडे, गुलाबरावांकडे. स्वतः चपला बाहेर काढणार, हेडसरांनाही काढायला लावणार. मी बटणाकडे बाण नेला तसे ते मध्ये आले.

"मॅडम, दाबाचं तर दाबा, पण पयले पोराईले बाहेर काढू द्या!"

पोरं हसली. मीही हसले, कशाला खोटं बोलू.

*

एका पानावर भारताचा तुकडा हळूहळू उत्तरेकडे सरकताना दिसायचा. मी रंगात येऊन सांगितलं, "आत्ताही आपण सरकतोय. शाळा, वावर, सगळं!"

"धुराही सरकते का मॅडम?" प्रमोदनं विचारलं. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याच्या घरात सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक.

"धुऱ्यासकट सरकतं रे बाबा."

"मंग घरी येऊन सांगा न मॅडम, काकानं नाई सरकवला म्हणून!"

सांगायला गेले नाही मी. जायला हवं होतं, असं अजून वाटतं.

*

आता विहिरीचं पान. जमिनीचा उभा काप, वर माती, खाली मुरूम, मग काळा दगड. कुठंही क्लिक करा, विहीर खोदली जाते. पाणी लागलं तर निळं भरतं. कोरडी गेली तर 'रिसेट' दाबायचं, जमीन पहिल्यासारखी! चार विहिरींतल्या पाण्याची उंची जोडली की जमिनीखालच्या पाण्याची रेघ तयार होते.

गुलाबराव दारात उभे राहून पाहत होते. पोरं विहिरी खोदत होती, कोरड्या गेल्या की खिदळत रिसेट दाबत होती. तास संपला, पोरं गेली, तरी ते हलले नाहीत.

"मॅडम, माह्या वावरात रिसेट कुठी दाबाचं?"

पाणी सांगणाऱ्या पानाड्यानं हातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागी त्यांनी आदल्या उन्हाळ्यात हीर खोदली होती. खडखडीत कोरडी! आता पुन्हा खोदायची तर बायको, कमलाबाई, अडून बसलेली. "अजून एक खड्डा केला तर मी माहेरी चालली," असं तिनं ऐकवलं होतं. आणि मी वर्गात खड्डे खोदायचा खेळ मांडून बसले होते! मला लाज वाटली.

*

दुसऱ्या आठवड्यात नववीची पोरं दोरीला गाठी मारून आणि टोकाला गोटा बांधून निघाली. गुलाबरावांच्या वावराभोवतीच्या अकरा विहिरींचं पाणी मोजलं, कागदावर रेघ काढली. रेघेप्रमाणे जागा निघाली बाभळीजवळ.

कागद घेऊन आम्ही गुलाबरावांच्या घरी गेलो. कमलाबाई भाकरी थापत होत्या. "कागदावर पाणी दिसून राह्यलं, पण कागद कोण पिते?"

तरी हात पुसून त्यांनी कागद घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून कुठली हीर कुठं ते दाखवलं. मग त्यांचं बोट एका हिरीवर थांबलं.

"हे चुकलं. हे आज भरली दिसते, पण चैतातच तळाले जाते. नाल्याकडली मात्र जेठातही आटत नाई. दोन उन्हाळे मीच पाणी वाहून राह्यली न बाप्पा, मले कोणी इचारलं का?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. पानाड्यानं नाही, गुलाबरावांनी नाही, आणि मीही नाही. पोरांनी रबर काढलं आणि रेघ नव्यानं ओढली. जागा सरकली नाल्याच्या अंगाला.

"आता खोदा," कमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पण आता कोरडी निघाली तर नाव माह्यं घेजा, नारळाचं नाई."

*

वैशाखात गुलाबरावांनी एका पोराजवळ निरोप धाडला, "मॅडमले घेऊन येजो." गेले. मुरमाखालच्या फटीतून पाणी झिरपत होतं आणि गुलाबराव काठावर बसून गढूळ पाण्याकडे नुसते पाहत होते. मीही वाकून पाहू लागले.

कमलाबाईंनी माझा हात धरला. "तिकडे काय पाहता? इकडे या." वावराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं गेल्या वर्षीचा कोरडा खड्डा असायला हवा होता. नव्या हिरीतून निघालेला सगळा मुरूम त्यात ओतला होता, वरून काळी माती पसरून जागा सपाट केली होती.

त्यांनी तिथं पाय आपटून दाखवला.

"पाहा मॅडम. रिसेट दाबलं!"