मोकळ्या गाडीची सोबत

आप्पांच्या दारात तीन गाड्या उभ्या असत. एक मोठी पांढरी, एक लहान लाल आणि एक ट्रॅक्टर. पांढरी थोरल्या मुलाची, लाल धाकट्याची आणि ट्रॅक्टर तसा कोणाचाच नाही, कारण नांगरायला जमीनच फारशी उरली नव्हती. आमच्या भरे गावातली सात एकर प्लॉटिंगला गेली तेव्हा हे सगळे आले. मी नऊ वर्षे आप्पांचा भाडेकरू, दोन खोल्या आणि पुढे पडवी. त्या नऊ वर्षांत आप्पा यांतल्या एकाही गाडीत बसून कुठे गेलेले मी पाहिले नाहीत. पुण्याला जायचे असले की ते पांढऱ्या गाडीवरून पंचाने एकदा धूळ झटकत, ती नीट दिसते आहे ना हे दोन पावले मागे जाऊन पाहत, आणि मग फाट्यावर जाऊन दह्याच्या टेम्पोला हात करीत.

मुलांना याची लाज वाटे. थोरला एकदा माझ्यासमोरच म्हणाला की लोक आम्हाला नावे ठेवतात, बापाला रस्त्यावर उभा करतात म्हणून. आप्पा शांतपणे म्हणाले, "गाडी झ्याक हाय रे तुजी. पण बोलायला कोन हाय तिच्यात?" मुलगा म्हणाला, मी आहे की. यावर आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते फाट्याकडे निघाले. आतून सूनबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

आप्पांचे एक शास्त्र होते. आपल्या दिशेने भरून चाललेल्या गाडीकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा डोळा उलट्या बाजूने भरून येणाऱ्या गाडीवर. "भरून आलेली गाडी मोकळी जाती," ते म्हणत, "आन् मोकळ्या गाडीला सोबत लागती." फुलांचा टेम्पो कधी रिकामा होतो, वाळूचा ट्रक कुठे खाली होतो, धरणाकाठच्या रिसॉर्टांना बाटल्या पोचवणारा माणूस परतताना कोणत्या टपरीवर चहाला थांबतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ. कुठल्याही ड्रायव्हरच्या मुलीचे लग्न कोणत्या गावी ठरले आहे तेही.

या शास्त्राने त्यांना क्वचित दगाही दिला. दर सोमवारी रिसॉर्टांमधल्या शनिवार-रविवारच्या मळक्या चादरी पुण्याला धुलाईला जातात. त्या व्हॅनमध्ये आप्पा एकदा मागे बसले आणि गाठोड्यांवर त्यांना इतकी गाढ झोप लागली की ड्रायव्हर त्यांना विसरून गेला. धुलाईवाल्याच्या पावतीवर साठ गाठोडी होती, उतरवताना एकसष्ट भरली. एकसष्टावे गाठोडे उठून बसले आणि त्याने विचारले, "च्या हाय का?" चहा मिळाला, वर दोन पाव मिळाले, आणि धुतलेल्या चादरींबरोबर आप्पा संध्याकाळी इस्त्रीच्या वासासकट घरी आले.

दुसऱ्यांदा त्यांनी मोकळी समजून जी बस धरली ती मोकळी नव्हतीच. निघाले होते पौडला लाइटबिल भरायला. पुढच्या वळणावर चाळीसएक वऱ्हाडी चढले, खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या कोणी कोणी पाया पडले, आणि आता उतरलो तर अपशकुन होईल या भीतीने आप्पा बसून राहिले. बस ताम्हिणीचा घाट उतरून माणगावला गेली. तिथे त्यांना पहिल्या रांगेत बसवले, टॉवेल-टोपी दिली, पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला. मुलीच्या मामांनी अदबीने विचारले, पाहुणे, आपण मुलाकडून का मुलीकडून? "गाडीकडून," आप्पा म्हणाले. मामांना वाटले, गाड्या पुरवणारे हे मोठे मालक असणार. त्यांनी आणखी एक टोपी दिली. बिल दुसऱ्या दिवशी दंडासह भरले. दंडाचे साडेसात रुपये मी त्यांना पुष्कळ दिवस ऐकवले.

मी स्वतः याच्या अगदी उलट माणूस. जवळच्या एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वॉशरसुद्धा सहीशिवाय हलू देत नाही. त्यामुळे माझी मुलगी रेहाना बारावी झाली आणि तिला कोथरूडच्या कॉलेजात डी.फार्म.ला जागा मिळाली तेव्हा मी आधी तक्ता आखला. घर ते कॉलेज बावीस किलोमीटर. जाऊन-येऊन चव्वेचाळीस. स्कूटर घेतली तर पेट्रोलचे महिन्याला चोवीसशे, हप्ता अठ्ठावीसशे, टायर, विमा, दुरुस्ती वेगळी. हॉस्टेलचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला आणि खोडला. शहर बसचा पास स्वस्त, पण फाट्यावर येईपर्यंत बस भरलेली. मी घड्याळ घेऊन बारा दिवस थांब्यावर उभा राहिलो. पाच दिवस बस थांबलीच नाही. चार दिवस थांबली, पण एका पायापुरतीच जागा होती.

माझी बायको शमीम स्कूटरच्या पूर्ण विरुद्ध होती. पिरंगुटच्या घाटात काँक्रीटचे मिक्सर कसे चालतात ते तिने पाहिले होते. ती म्हणाली, पोरगी स्कूटरवर गेली तर ती परत येईपर्यंत मी दारात बसून राहीन, त्याचा खर्चही तुमच्या तक्त्यात धरा. रेहानाला स्कूटर हवी होती, पण तक्ता पाहून तिने तो विषय सोडला. फी भरायची मुदत तीन आठवड्यांनी शनिवारी संपत होती. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "अब्बा, मी पौडला बी.ए. करते. जीप दारातून जाते." औषधांच्या चिठ्ठ्यांवरची डॉक्टरांची अक्षरे लागावीत म्हणून आठवीपासून धडपडणारी मुलगी. मला त्या रात्री जेवण गेले नाही.

आप्पांनी माझा तक्ता उलटासुलटा धरून पाहिला. "मुलाणी, ह्यात समद्या जानाऱ्या गाड्या लिवल्यात तुमी," ते म्हणाले. "येनाऱ्या कुटं हायेत?" आणि त्यांनी मला जी गाडी दाखवली ती माझ्या डोळ्यांसमोरून रोज जात होती. आमच्या पुढच्या मोठ्या कंपनीची माणसे कोथरूडहून चार बसमधून येतात. साडेसातला बस खाली होतात आणि पावणेआठला मोकळ्या परत जातात. दुपारी पावणेचारला कोथरूडहून मोकळ्या निघतात, सुटलेल्या माणसांना न्यायला. रेहानाच्या कॉलेजची वेळ नऊ ते साडेतीन. ही वेळ माझ्या बापाने ठरवली असती तरी इतकी बरोबर बसली नसती.

आठ दिवस सवयीसाठी आप्पांनी तिला बरोबर नेले. कोथरूडला बस जिथे उभ्या राहतात त्या मैदानाशी दोघे उतरत. आप्पा ड्रायव्हर लोकांत चहा घेत बसत आणि रेहाना घड्याळ लावून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जाऊन येई. अकरा मिनिटे. त्या बसमध्ये आणखी सात जण रोजचे होते. दोन नर्सबाई, पालेभाजीवाल्या दोघी, आयटीआयची दोन मुले आणि एक पौरोहित्य करणारे काका. रेहाना घरी आली की त्या सात जणांच्या सात गोष्टी सांगे. बबन नावाचा ड्रायव्हर सगळ्यांना डिझेलचा भाव विचारून बेजार करतो, हेही सांगे. ती इतकी हसत असे की शमीमने दारात बसायचा बेत मोडला.

आणि मग मी माती खाल्ली. कोणाच्या गाडीत माझी मुलगी फुकट, परवानगीशिवाय बसते, हे मला सहन होईना. आप्पांना न विचारता मी कंपनीच्या नावे अर्ज लिहिला. विषय: परतीच्या रिकाम्या बसमध्ये विद्यार्थिनीस बसू देणेबाबत. खाली माझा नकाशा, वेळापत्रक, प्रवेशाच्या पत्राची प्रत आणि योग्य ते शुल्क भरण्याची तयारी. पोच घेतली. सोमवारी अर्ज दिला आणि बुधवारी चारही बसवर कागद चिकटला: कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त कोणासही बसण्यास सक्त मनाई. हे असे काही चालते हे कंपनीला माझ्या अर्जावरूनच कळले होते.

त्या दिवशी भऱ्यात माझ्याशी कोणी बोलले नाही. भाजीवाल्या बाईंनी माझी मेथीची जुडी परत काढून घेतली. पौरोहित्य करणारे काका लांबूनच म्हणाले की शास्त्रात अर्ज कुठे करावा आणि कुठे करू नये हे सांगितलेले आहे. बबनची नोकरी वाचली एवढेच. रेहाना मला एक शब्दही लागट बोलली नाही. तिने पौडच्या कॉलेजचा फॉर्म कपाटातून काढला. मला तेच जास्त लागले. शनिवारला तीन दिवस होते.

आप्पा मात्र पडवीत बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अवो मुलाणी, देवाच्या दारात कुनी पोच मागतं व्हय?" मी मान खाली घालून म्हणालो की चूक झाली, आता तुम्हीच बोला कंपनीशी. ते म्हणाले, बोलायचे कशाला, उद्या सकाळी सातला वही-पेन घेऊन या.

गुरुवारी मी गेलो. कंपनीच्या फाटकासमोर आप्पांची न विकलेली पाच गुंठे जागा आहे, हे मला माहीत होते. पण त्या जागेवर रोज काय होते, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. तिथला रस्ता अरुंद, त्यामुळे चारही बस या पाच गुंठ्यांत शिरून वळत. वर्षानुवर्षे. आज त्या पाच गुंठ्यांच्या बरोबर मध्ये एक बाज टाकलेली होती आणि बाजेवर आप्पा बसले होते, हातात कप. पहिली बस आली, माणसे उतरली, बस वळायला गेली आणि थांबली. मागे दुसरी, तिसरी, चौथी. बबन खाली उतरून अगदी गरिबासारखे तोंड करून म्हणाला, "आप्पा, बाज जरा." आप्पांनी त्याला पायाशी बसवून चहा दिला. मागे फिरायचे तर चारही बसना उलट्या चालत फाट्यापर्यंत जावे लागणार होते. अंतर अकराशे मीटर, मी नंतर मोजले.

पावणेआठ झाले, आठ झाले. कामगार कंपनीच्या खिडक्यांतून टाळ्या वाजवू लागले. शेवटी कंपनीचे साहेब आणि बसचा ठेकेदार बाहेर आले. साहेब सभ्य माणूस होते. ते म्हणाले, "आप्पा, समजून घ्या, लायबिलिटी असते. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"व्हय की," आप्पा म्हणाले. "मुलाण्यांनी अर्ज केला, तुमी नियम दावला. लई ब्येस केलं. आता माजाबी अर्ज घ्या. मुलाणी, लिवा. विषय."

मी वही उघडली. हसू दाबत वर तारीख घातली. आप्पांनी सांगितले ते मी शब्दशः लिहिले: चार बस, दिवसातून इतक्या वेळा, माझ्या जागेत वळतात, त्याची परवानगी कोणी घेतलेली दिसत नाही. साहेबांनी वाचले. ठेकेदाराने वाचले. मग ते दोघे बाजूला जाऊन बराच वेळ बोलले आणि परत आले तेव्हा साहेबही हसत होते. साडेनऊपर्यंत ठरले. ठेकेदार परतीच्या बससाठी गावकऱ्यांना पास देईल, नावांची यादी कंपनीकडे राहील, विम्यात त्या नावांची नोंद होईल. विद्यार्थ्यांना महिन्याला तीनशे. मी पावतीचा आग्रह धरला तेव्हा आप्पांनी कपाळावर हात मारला, पण पावती मिळाली. स्वतःच्या जागेचे त्यांनी काही मागितले नाही. बाज उचलायला बबनच पुढे झाला.

शनिवारी साडेअकराला मी रेहानाची फी भरली. त्या दिवसापासून भाजीवाल्या बाई मला मेथीची जुडी जरा मोठीच देऊ लागल्या.

दोन वर्षे ती त्या बसने गेली. सहाच दिवस चुकले. चार दिवस घाटात दरड पडली आणि दोन दिवस ईदचे. बसमध्येच तिने नर्सबाईंकडून औषधांची नावे पाठ केली आणि भाजीवाल्या बाईंच्या गुडघ्यावरची गोळी बदलून घ्यायला लावली. आप्पांनी पास कधी काढला नाही. यादीत त्यांच्या नावापुढे ठेकेदाराने "जागामालक" असे लिहून ठेवले होते.

गेल्या वर्षी, गणपतीला दहा-बारा दिवस असताना, आप्पा झोपेतच गेले. तेराव्याला चारही बसचे ड्रायव्हर जेवायला होते, आणि दह्याचा टेम्पोवाला, आणि चादरीवालाही. बस अजून त्याच पाच गुंठ्यांत वळतात. मुलांनी ती जागा विकलेली नाही. पासांच्या यादीत आता मुलीच चौदा आहेत.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात रेहानाची शेवटची परीक्षा झाली, तेव्हाची एक गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगते. आप्पा इतके दिवस मैदानापर्यंतच जात, कॉलेज त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी ते म्हणाले, चल, एवढं काय हाय तितं ते दाव तरी. अकरा मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागला. फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. रेहानाने रकाने भरले. नाव. गाव. कामाचे कारण विचारले तर आप्पा म्हणाले, लिव की, बघायला आलोय. शेवटचा रकाना विद्यार्थ्याशी नाते असा होता. तिथे तिने "आजोबा" लिहिले.

रखवालदाराने तिचे ओळखपत्र पाहिले, वहीतले आडनाव पाहिले, आप्पांच्या कपाळावरचे गंध पाहिले आणि विचारले, "हे तुमचे आजोबा?"

रेहाना काहीतरी सांगू लागली. आप्पांनी तिला हाताने थांबवले.

"लिवलंय न्हवं पोरीनं?" ते म्हणाले. "मग खरंच आसंल की."

रखवालदाराने वही मिटली आणि मोठे फाटक उघडले.