रकान्यात न मावलेलं रान

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या, आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरांवरच्या झाडांना एकाएकी भाव आला. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तेव्हा सरकारी चौकशीच्या कामावर होते. कुठलं रान कुणाचं, हे वाडीवाडीला जाऊन विचारायचं आणि नोंदवायचं. ज्यावर कुणी हक्क सांगणार नाही, ते लिलावात निघणार होतं.

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. अण्णांचा कारकून तापानं अंथरुणाला खिळला होता आणि माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं, म्हणून त्यांनी मला फिरतीवर बरोबर नेलं. मला ते सोयीचंच होतं. लिहिणाऱ्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही.

महादेव कोळ्यांची एक वाडी होती. वाडीच्या वर देवीचं रान होतं. जांभळीची, हिरड्याची, आंब्याची जुनी झाडं, खाली शेंदूर लावलेला एक दगड. त्या रानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. पायथ्याला झरा होता. आजूबाजूचे ओढे होळीलाच आटत, हा झरा मात्र पाऊस पडेपर्यंत वाडीला पाणी पाजायचा.

रानाची पूजा एका म्हाताऱ्याकडे होती. अण्णांनी त्यालाच पुढे बोलावलं.

"बोल, हे रान कुणाचं?"

"आईचं हाय, सायेब."

"तुझ्या आईचं?"

शिपाई हसले. म्हाताराही हसला. "माजी आई कवाच गेली. देवीचं हाय."

"देवीच्या नावाचा कागद आहे?"

"देवीला कागुद कशाला? ती काय बाजारला जाती?"

आता वाडीतली माणसंही हसली. अण्णा मात्र गंभीर झाले. "नीट सांग. तुमच्यापैकी कुणाचा यावर हक्क आहे का?"

म्हाताऱ्यानं दोन्ही कान धरले. मागे बसलेल्यांनीही धरले. "न्हाई, न्हाई. आमचं कसं म्हनावं? आमी तिची लेकरं."

अण्णा माझ्याकडे वळले. "लिही. हक्कदार कोणी नाही."

मला सगळं कळलं होतं. ही माणसं रान सोडत नव्हती, पिढ्यान् पिढ्या ती जसं ते राखत आली होती तसंच सांगत होती. मी हळूच म्हणाले, "अण्णा, त्यांना तसं म्हणायचं नाहीये."

"रकाना एवढासा आहे," ते म्हणाले. "त्यात पुराण मावत नाही."

मी इंग्रजीत दोन शब्द लिहिले. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. त्याचा राग मला आजही येतो.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा सुट्टीला आले, तोवर लिलाव झाला होता. संगमनेरचा एक ठेकेदार आमच्या ओसरीवर चहा पीत बसला होता. "माझं रान," "माझी झाडं," असं तो दर वाक्याला म्हणत होता. त्यानं ते रान अजून पाहिलंही नव्हतं. नुसती माणसं पाठवून झाडांना डांबराचे पट्टे मारून घेतले होते.

तो गेल्यावर थोड्या वेळानं म्हातारा आला. सकाळपासून चालत आला होता. ओसरीवर ये म्हटलं तरी अंगणातच उभा राहिला.

"सायेब, झाडं गेली की झरा जाईल. बायांनी पान्याला कुटं जायाचं?"

अण्णा काही दुष्ट नव्हते. ते समजावून सांगू लागले. रस्ता येईल, कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी मिळेल, मागासलेला मुलूख सुधारेल. मग म्हणाले, "तरीही एक वाट आहे. हे रान आमच्या मालकीचं आहे, असं अर्जात सांग. फेरचौकशी लागेल. तोवर झाडाला कुणी हात लावणार नाही."

मी कागद घेऊन पायऱ्या उतरले. "बाबा, मी लिहिते. तुम्ही फक्त म्हणा, आमचं आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मग तो खाली बसला.

"ताई, तुमीच सांगा, देवीच्या म्होरं उबं ऱ्हाऊन मी तिचं घर माजं कसं म्हनू?"

"नुसतं कागदावर."

"कागदावर म्हनलं तरी म्हनलंच की."

मी हट्ट केला. आधी विनवलं, मग त्याच्यावर चिडलेसुद्धा. तो कान धरून नुसता मान हलवत राहिला. शेवटी उठला, अण्णांना रामराम घातला आणि पाणीही न पिता निघून गेला.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "यांचं भलं करायला गेलं तर असं."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आत गेले आणि अर्ज लिहिला. ते रान माझं आहे, असा. खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि कागद अण्णांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे धडधडीत खोटं आहे."

"आणि ठेकेदाराचं खरं आहे?"

मी अण्णांना उलट बोलण्याची ती पहिलीच वेळ. माझा आवाज इतका मोठा आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"त्यानं रीतसर घेतलं आहे," अण्णा म्हणाले.

"खोटं बोलायची माझी तयारी आहे. त्या म्हाताऱ्याची नव्हती, म्हणून तुम्ही त्याचं रान विकलंत."

अण्णांनी कागदाची घडी घालून ती कोटाच्या खिशात ठेवली. अधिकाऱ्याची मुलगी रान बळकावते अशी बोलवा झाली तर नोकरी जाईल, एवढंच ते आईला म्हणाले.

वाडीतल्या सगळ्यांनी त्या झाडांवर कुऱ्हाड उचलायला नकार दिला. ठेकेदारानं नगरकडून मजूर आणले. "आळशी लोक, मजुरी दारात आली तरी नको," असं तो ओसरीवर सांगत होता आणि अण्णा मान डोलवत होते. आईनं मला त्याचा चहा न्यायला सांगितलं. मी नेला नाही.