साडूंनी पाहिलेली घरं

सिंगापूरच्या बेटावर विकायला निघालेलं असं एकही घर नसेल, ज्याच्या संडासाचा फ्लश माझ्या साडूंनी ओढून पाहिलेला नाही. पूर्वेला पासिर रिसपासून उत्तरेला सेम्बावांगपर्यंत कुठल्याही वसाहतीत त्यांना डोळे बांधून सोडा, नळाच्या आवाजावरून इमारत किती जुनी आहे ते सांगतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चिंचवडचे. वन-नॉर्थमधल्या एका कचेरीत, इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याबद्दल त्यांना पगार मिळतो. माणूस आणि नोकरी यांची इतकी चोख जोडी देवाने क्वचितच जमवली असेल. अडचण एवढीच, की पाच दिवस पगारी चुका शोधून त्यांचं पोट भरत नसे, आणि शनिवार-रविवारी ते बिनपगारी शोधायला बाहेर पडत. बरोबर मी. "साडूभाऊ, चार डोळ्यांनी बघितलेलं बरं," असं ते म्हणत. प्रत्यक्षात माझ्याकडे पिशवी धरण्याचं काम होतं.

त्या पिशवीत होकायंत्र, टॉर्च, टेप, स्टीलची एक वाटी आणि काचेची एक गोटी असे. वाटी भिंतीला पालथी लावून ते शेजाऱ्यांचा आवाज ऐकत, आणि फरशीचा उतार तपासायला गोटी सोडत. पासिर रिसच्या एका घरात ती गोटी घरंगळत थेट मालकाच्या पलंगाखाली गेली. पलंगावर रात्रपाळी करून आलेला त्यांचा मुलगा झोपला होता. साडू पोटावर सरपटत आत शिरले, आणि बराच वेळ आम्हाला फक्त त्यांचे मोजे दिसत राहिले. मग आतून विजयी आवाज आला, "उतार आहे!" मुलगा झोपेतच "सॉरी" म्हणाला आणि कुशीवर वळला. घर बरं होतं, पण साडूंनी नाकारलं. त्याआधीचं स्वयंपाकघरात लिफ्टचा आवाज येतो म्हणून नाकारलं होतं, आणि नंतरचं लिफ्टचा आवाज अजिबात येत नाही म्हणून. "बंद पडली तर कळणार कसं?" आमचा एजंट फार सोशिक माणूस होता, पण पुढे पुढे त्यांना लांबून पाहिलं की तोही खांबाआड जाऊन फोनवर बोलू लागे.

नवीन कॉन्डो त्यांच्या यादीतच नव्हते. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, दारात सलाम ठोकणारा पहारेकरी, हे सगळं त्यांच्या मते लग्नाच्या हॉलसारखं, दोन तास बरं. त्यांना हवी होती सरकारी वसाहतीतली जुनी, मुरलेली वस्ती. "जिथली झाडं वाढून झालीत आणि भांडणं मिटून झालीत, तिथे राहायला जावं," असं ते एजंटला इंग्रजीत समजावत, आणि एजंट वहीत "झाडं" एवढंच लिहून घेई. वस्ती मुरली आहे की नाही हे तपासायला ते इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर तासन्‌तास बसून राहत. एकदा तिथल्या एका बाईंना वाटलं की हे गृहस्थ पत्ता विसरले आहेत. त्यांनी साडूंचा हात धरला, कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये नेऊन कॉफी पाजली आणि "घरी कोण कोण असतं?" असं हळूच विचारलं. साडूंनी त्या वस्तीला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कॉफी गोड झाली म्हणून कापला.

असा माणूस घर कधीच घेणार नाही, असं मी धरून चाललो होतो. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर जुना सरकारी फ्लॅट घ्यायला तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं त्यांनी सरावात घालवली, आणि मुदत संपल्यावरही सराव चालूच ठेवला. पण एका वर्षी गणपती उठले आणि त्यांच्या घरमालकाचा निरोप आला, मुलगा परदेशातून परत येतोय, डिसेंबरअखेर जागा सोडा. आठ वर्षांतली ही चौथी जागा. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तशी शांत बाई. त्या दिवशी तिने जेवणं होऊ दिली, ओटा पुसला आणि म्हणाली, "भाड्याच्या घरासाठी मी आता एकही खोकं भरणार नाही. घर मिळालं तर तिकडे येईन, नाहीतर चिंचवडला जाईन." त्यांची लेक दहावीत. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "जस्ट बाय लाह, पपा. एनी वन ऑल्सो कॅन." म्हणजे कुठलंही घ्या. त्यांची पिशवी त्या आठवड्यात मला जरा हलकी लागली.

सेम्बावांगचं घर त्यानंतरच्या रविवारचं. घरात एकटी चिनी आजी. नवरा गोदीत कामाला होता, तो गेलेला, आणि मुलगा तिला आपल्याकडे न्यायला निघालेला. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला आंटी म्हटलं. साडूंनी सवयीने फ्लश तीनदा ओढला, तेव्हा दारात उभी राहून तिने विचारलं, "मिस्टर, यू बाय हाउस ऑर बाय टॉयलेट?"

एवढ्यावर ती थांबली नाही. साडूंना समोर बसवून तिने उलटतपासणी सुरू केली. गॅलरीतली झाडं ठेवणार का? दार आपटायची सवय आहे का? मुलगी रोज "गुड मॉर्निंग" म्हणते का? आजवर चार गिऱ्हाइकं तिने परत पाठवली होती. एक फार हसतो म्हणून, एक बुटांसकट आत आला म्हणून. मग तिने साडूंच्या हाती पक्कड दिली आणि गळका नळ दाखवला. साडूंनी बाह्या सरसावल्या. नळ गळायचा थांबला तेव्हा आंटीने त्यांच्याकडे, आणि त्यांनी आंटीकडे, तोलामोलाचा माणूस भेटल्यासारखं पाहिलं. मी पिशवी घेऊन उभा होतो. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

घरी ताईने विचारलं, "काय खोट निघाली?"

"चालेल," साडू म्हणाले.

ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असावा.

चार दिवसांनी एजंटचा फोन आला. इथल्या सरकारी इमारतींमध्ये सगळे समाज मिसळून राहावेत म्हणून प्रत्येक समाजाची मर्यादा ठरलेली असते, आणि त्या इमारतीतली भारतीयांची मर्यादा भरलेली होती. एखादं भारतीय कुटुंब तिथून जाईपर्यंत आंटीला आपलं घर साडूंना विकता येणार नव्हतं. ऐंशी-एक घरं नाकारणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच एका इमारतीने नाकारलं होतं, तेही फ्लश न ओढता. मला वाटलं, आता साडू नियमावर तुटून पडतील. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे हो. म्हणून तर ती वस्ती तशी आहे." आणि चष्मा पुसत बसले.

नवी यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते. आंटी म्हणाली, "आय वेट वन मंथ." साडू दर रविवारी तिकडे जाऊ लागले. कधी खिडकीच्या बिजागरीला तेल घाल, कधी पंखा पूस. ताई डब्यातून शिरा देई, आणि त्याच डब्यातून आंटीची नारळाची वडी परत येई. ऑक्टोबरची यादी लागली, आंटी आणखी एक महिना थांबली, नोव्हेंबरचीही लागली. इमारतीतलं एकही भारतीय कुटुंब हललं नाही. मुरलेल्या वस्तीतून लोक उगीच उठून जात नाहीत, हे साडूंना सांगायची माझी छाती झाली नाही.

मग आंटीच्या मुलानेच गिऱ्हाईक आणलं, पुढच्या वर्षी लग्न करणारं एक तरुण चिनी जोडपं. आंटीने साडूंना फोन केला, "यू कम. यू चेक देम." आणि साडू गेले! स्वतःला न मिळालेलं घर त्या दोघांना त्यांनीच हिंडून दाखवलं. "ही कडी आधी उचला, मग ओढा. दुपारी तीननंतर इथे ऊन येतं, पडदा जाड घ्या. न्हाणीचा उतार अगदी बरोबर आहे, पाणी आपोआप जातं." इतकी वर्षं त्यांच्या मागून हिंडलो, पण त्यांच्या तोंडून घराची स्तुती मी तेव्हा प्रथम ऐकली. त्या मुलीने विचारलं, "अंकल, यू स्टे हिअर अ?"

"नो, नो," साडू घाईने म्हणाले. "आय ओन्ली केम टू सी."

आंटीने खालच्या आवाजात विचारलं, "ओके?" साडूंनी मान डोलावली. परतताना एमआरटीत ते खिडकीबाहेर पाहत बसले. तीन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. बूट बाहेर काढले तिने."

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "आता मी बघते." तिने पासिर रिसमधलं एक घर एका दुपारी पाहिलं आणि पसंत केलं. साडूंनी कागदांवर सह्या केल्या. कागदपत्रं पुरी होईपर्यंतचे दोन महिने ती चौघं... म्हणजे ती तिघं आणि त्यांच्या देव्हाऱ्यातले गणपती, आमच्या घरी राहिली. नव्या घराचा दरवाजा जरा करकरतो, समोरची इमारत फार जवळ आहे, आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरून तळलेल्या माशांचा वास येतो. हे सगळं मलासुद्धा दिसतं, तर त्यांना दिसत नसेल? पण ते चकार शब्द काढत नाहीत.

मध्यंतरी एका रविवारी मी सहज गेलो. रविवारी काय करायचं हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. आंटी आली होती. मुलाच्या घरी करमत नाही, म्हणून दोन गाड्या बदलून ती महिन्या-दोन महिन्यांनी येते, आणि साडू तिला स्टेशनवरून आणायला जातात. मी आणि साडू गॅलरीत उभे होतो. खाली वसाहतीतली मोठाली झाडं वाऱ्याने हलत होती. मी विचारलं, "खरं सांगा, हे घर कसं वाटतं तुम्हाला?"

आत स्वयंपाकघरात ताई मराठीत आणि आंटी चिनीत काहीतरी बोलत होत्या, आणि मध्येच दोघी एकदम हसल्या. साडूंनी तिकडे कान दिला.

"घरातलं मला आता काही कळेनासं झालंय हो," ते म्हणाले.